ऑर्फा टिडवेल आणि गाण्याला थांबणारा घोडा

ऑर्फा,

तुझ्या अंत्यविधीला पाद्रीबुवांनी तुला 'शांत, सोशिक आणि सर्वांशी जुळवून घेणारी' म्हटलं. शेजारी बसलेल्या लॉईडने माझं कोपर घट्ट धरून ठेवलं, नाहीतर मी बाकावरून उठलेच होते. तुझ्या भाचीने त्या बिचाऱ्याला काय सांगितलं होतं देव जाणे. मंडळी डोळे टिपत होती आणि मी वाट बघत होते, की आता पेटीतून तुझा आवाज येणार, "हे कुणाबद्दल चाललंय?"

म्हणून लिहायला बसले. तू वाचणार नाहीस, ठाऊक आहे. जिवंत असताना तरी कुठे काय वाचायचीस! घोड्यांच्या औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा मला वाचायला लावायचीस. पण चूक तशीच राहू द्यायची सवय मला नाही, आयुष्यभर मला पगार त्याचाच मिळाला. तेव्हा ऐक. जुळवून घेणारी म्हणे!

तुला मी पहिल्यांदा पाहिलं ते सदतीस सालच्या मार्चमध्ये, म्हाताऱ्या क्विगलींच्या तबेल्यामागे. तू सायीच्या रंगाच्या एका घोड्यावर उलटी, म्हणजे शेपटीकडे तोंड करून बसली होतीस आणि मांडीवरची गिटार बडवत होतीस. वाजवत नव्हतीस, बडवतच होतीस. घोडा कान मागे पाडून निमूट उभा होता.

"क्विगलींचा तबेला हाच का?" मी विचारलं.

"वास येत नाही वाटतं?"

"मी सिनेमा कंपनीकडून आलेय. कंटिन्युइटी बघते मी."

"म्हणजे काय बघता?"

"एका शॉटमध्ये नायकाच्या डोक्यावर टोपी असली, तर पुढच्या शॉटमध्येही ती डोक्यावरच आहे ना, ते."

"आणि त्याचे पैसे देतात?"

"तुम्ही घोड्यावर उलट्या बसून गिटार बडवता, त्याचे देतात ना?"

तू हसलीस. तुझं हसणं म्हणजे गंजक्या बिजागरीचं फाटक. गाणं तर त्याहून वाईट. "शिकलेल्या दिसता," म्हणालीस.

"पोमोनाच्या कॉलेजात लॅटिन शिकले."

"घोड्यांना नाही कळत ते," तू म्हणालीस आणि पुन्हा गिटार बडवायला लागलीस.

त्या दिवसापासून मी तुझ्यासाठी 'प्रोफेसरीणबाई' झाले आणि पुढे सगळ्या कंपनीसाठी. तुला मात्र सगळे मिस ऑर्फाच म्हणायचे, तुझ्याहून वयाने मोठे गडीसुद्धा. तू टेक्सासच्या उत्तरेकडची, जिथून दुष्काळातल्या धुळीच्या वादळांनी माणसं हुसकली तिथली. नवऱ्याबद्दल विचारलं तर म्हणायचीस, "तो धुळीच्या आधीच गेला. मेला नाही, गेला." तेवढ्यावर विषय संपायचा.

घोड्याचं नाव डीकन. गाणं सुरू झालं की तो चर्चमधल्या एखाद्या वडीलधाऱ्या सेवकासारखा मान खाली घालून स्तब्ध उभा राहायचा, म्हणून ते नाव. पण ही भक्ती त्याच्या अंगात उपजत नव्हती. ती तू घडवलीस. आधी खोगिराला खडे भरलेला डबा बांधलास. मग ओल्या चादरी टाकल्यास, झटकल्यास. मग एक फुटकी गिटार, मग चांगली गिटार, मग तुझं ते गाणं. गाणं चालू असेतो हलायचं नाही, संपलं की गाजर. एवढाच त्याचा धर्म होता आणि तो त्याने आपल्यातल्या बऱ्याच चर्चला जाणाऱ्यांपेक्षा नेकीने पाळला.

आपल्या कंपनीत असा घोडा म्हणजे हिराच. सोमवारी सकाळी पहिला गोळीबार आणि शनिवारी मावळतीला शेवटचं चुंबन, की झाला सिनेमा. चुंबनही बहुधा घोड्याचंच, कारण शनिवार दुपारच्या खेळाला येणाऱ्या पोरांना नायिकेचं चुंबन खपायचं नाही, ती बाकं आपटायची. खडक तेच, दरी तीच. बॅंक पुढच्या सिनेमात पाटी बदलून दवाखाना व्हायची. पाठलाग जुन्या सिनेमांतून कापून आणायचे आणि ते जुळावेत म्हणून नायकाने वर्षानुवर्षं तोच चौकड्यांचा शर्ट घालायचा. त्या शर्टाला इतकी ठिगळं लावली होती, की मूळचा शर्ट कुठला हे मलाही सांगता आलं नसतं. आणि दर सिनेमात तीन-चार गाणी. गाणी खुर्चीत बसून म्हटलेली कुणाला नको असत. घोड्यावर पाहिजेत. आणि दहांतले नऊ घोडे पाठीवर गिटार वाजली की गाणाऱ्याला फेकून देतात.

आपला गाणारा तर फेकायच्या आधीच पडणारा. लॉईड अमुंडसन, मिनेसोटाचा, पाद्र्याचा मुलगा, रेडिओवर गाऊन नावाजलेला. पोस्टरवर तो 'डस्टी, टेक्सासचा वाघ' होता. तू त्याला 'आमच्या गावचा' म्हणून हाक मारायचीस आणि तो कानापर्यंत लाल व्हायचा. घोडा दिसला की त्याला घाम फुटायचा. फक्त डीकनवर तो बसू शकायचा. "मिस ऑर्फा, याला माझी भीती वाटत नाही, म्हणून मला याची वाटत नाही," असं काहीतरी तो बोलायचा. त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं आठवतं ना? 'चाल रे गड्या, डोंगर ओलांडू, पल्याड कुणीतरी दिवा लावलाय.' ते लागलं की डीकन जमिनीत रोवल्यासारखा थांबायचा. पडद्यावर 'चाल रे' आणि घोडा ढिम्म. मग मागच्या पडद्यावर डोंगर सरकवून भागवायचे.

आता त्या आठवड्याचं सांगते. अडतीसचा एप्रिल, चॅट्सवर्थचे खडक, सोमवारची जेवणाची सुट्टी. दिग्दर्शक अर्ल बॅबकॉक उकडलेलं अंडं सोलता सोलता म्हणाला, "या खेपेला डीकनला गोळी लागते. चौखूर पळताना. शुक्रवारी घेऊ. टॉलिव्हरला सांगितलंय, तो तार लावेल."

सगळं जेवण थांबलं. तार म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. घोड्याच्या पुढच्या पायांना कातडी पट्टे, पट्ट्यांना डोळ्याला न दिसणारी पोलादी तार, तारेचं दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या ओंडक्याला. घोडा जीव तोडून पळतो, तार संपते आणि पुढचे पाय त्याच्या पोटाखाली ओढले जातात. पडद्यावर फार छान दिसायचं. काही घोडे उठायचे. बाकीच्यांसाठी घोडे पाडायचं काम करणारा टॉलिव्हर खोगिराच्या पिशवीत पिस्तूल ठेवायचा आणि त्यातल्या गोळ्या खोट्या नसायच्या.

तू कॉफीचा पेला खाली ठेवलास. "तार नाही."

"मिस टिडवेल, मी विचारलं नाही. सांगितलं."

"मीपण सांगितलंच."

लॉईड मध्ये पडला. "अर्ल, जुन्या सिनेमातला कुठलातरी पडणारा घोडा जोडून दे ना. नेहमी जोडतोस तसा."

"जुने सगळे काळे नाहीतर तपकिरी. तुझा हा दुधावरची साय आणि कपाळावर एवढा मोठा पांढरा पट्टा. पोरं ओरडतील. विचार प्रोफेसरीणबाईंना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बॅबकॉकचं म्हणणं बरोबर होतं आणि खोटं बोलायला वेळही नव्हता. "जुळणार नाही," मी म्हणाले. तू माझ्याकडे असं पाहिलंस, की मी हातातलं पाव-मांस परत डब्यात ठेवलं.

"आणि पाय मोडला तर?" लॉईड म्हणाला.

"तर पुढच्या सिनेमात दुसऱ्याच्या कपाळावर पट्टा रंगवू. ब्रश आहे आपल्याकडे." बॅबकॉक दुष्ट नव्हता, ऑर्फा. हे तू कधी मानलं नाहीस, पण नव्हता. त्याच्या डोक्यात फक्त शनिवार असायचा.

डीकन तुझा नव्हता, ही खरी अडचण. तो क्विगलींचा आणि क्विगलींचा सगळा तबेला कंपनीवर जगायचा. तू कामावरून थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिलीस. मीही आले, कारण गाडी माझी होती.

"पोरी," क्विगली म्हणाले, "एका घोड्यासाठी मी कंपनी तोडू?"

"तोडू नका. शुक्रवारी तो पडेल. तारेशिवाय पडेल."

"घोडा आपणहून कशाला पडेल?"

"सांगितलं तर पडेल."

"कोण सांगणार त्याला?"

"आजवर कोण सांगत आलंय?"

क्विगलींनी तंबाखूची पिंक टाकली. "बॅबकॉकला पटलं तर माझी हरकत नाही. पण नाही पडला, तर तार. आणि तेव्हा मध्ये आलीस, तर ह्या फाटकातून आत यायचं नाही."

"कबूल," तू म्हणालीस. तुझ्या हातचं काम, डोक्यावरचं छप्पर, सगळं त्या फाटकाच्या आत होतं. तबेल्याच्या माळ्यावरच तर झोपायचीस. मी गाडीत तुला म्हटलं, "अगं, जरा विचार करून बोलायचं होतंस." तू म्हणालीस, "विचार करायला तुम्ही आहात की."

बॅबकॉकला तू कसं पटवलंस ते मी पाहिलंय. पटवलं नाहीसच. त्याच्या खुर्चीसमोर उभी राहिलीस आणि तो 'हो' म्हणेपर्यंत हललीच नाहीस. कॅमेऱ्यासमोर तू, मागे अख्खी कंपनी खोळंबलेली. डीकन कुणाकडून शिकला होता, ते त्या दिवशी कळलं.

मग तबेल्यामागचा चौकोन खणायला घेतलास. नदीची वाळू, लाकडाचा भुसा, पुन्हा वाळू. संध्याकाळी काम सुटलं की मी यायचे आणि कोण आलं होतं फावडं घेऊन? लॉईड. त्याच्या मऊ हातांना फोड आले आणि पुढच्या गाण्यात गिटार धरताना तो तोंड वेडंवाकडं करत होता. बॅबकॉकला वाटलं विरहाचं दुःख दाखवतोय. खूश झाला.

पाडायची रीत तू टेक्सासमध्ये कुणा म्हाताऱ्याकडे पाहिली होतीस, स्वतः कधी केली नव्हतीस. हे मला तू बुधवारी सांगितलंस. उजवा लगाम असा खेचायचा, की घोड्याचं नाक रिकिबीपर्यंत यावं. मग त्याचा तोल जातो आणि तो डाव्या खांद्यावर वाळूत कलंडतो. पहिल्यांदा उभ्याने, मग चालताना, मग दुडकीवर, शेवटी चौखूर. डीकन पहिल्यांदा कलंडला तेव्हा वाळूत तसाच पडून तुझ्याकडे बघत राहिला, जणू विचारत होता, की बाई, तुम्हाला बरं नाही का? तू त्याच्या मानेवर डोकं ठेवून पडून राहिलीस, गाजर दिलंस आणि म्हणालीस, "ऊठ." गुरुवारी तिन्हीसांजेपर्यंत तो पळता पळता तुझ्यासकट लोळण घेत होता आणि उठून आयाळ झाडून गाजर मागत होता. लॉईडने टाळ्या वाजवल्या. तू म्हणालीस, "आमच्या गावच्या माणसाला सांगा, टाळ्या शुक्रवारी."

शुक्रवार. तू लॉईडचा चौकड्यांचा शर्ट घातलास, छातीवर पट्टा आवळून. त्याची टोपी घातलीस. दुरून तू लॉईडपेक्षा जास्त लॉईड दिसत होतीस, कारण घोड्यावर ताठ बसली होतीस. बॅबकॉकने आखून दिलेल्या जागी जमीन खणून मऊ केली, वर सुकलं गवत आणि खडे पसरून ती मी आजूबाजूशी जुळवून दिली. टॉलिव्हर तार घेऊन खडकावर बसला होता, पाय हलवत. म्हणाला, "मिस ऑर्फा, मी घाईत नाही." तू त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

कॅमेरा फिरला. तू टाच मारलीस. डीकन असा सुटला, की मागे धुळीचा लोट. अर्धं मैदान, पाऊण मैदान, आता खुणेची काठी आलीच म्हणताना टेकडीमागून, त्या मोठ्या कर्ण्यातून, लॉईडचा आवाज घुमला: 'चाल रे गड्या, डोंगर ओलांडू...'

साउंडवाला अर्नी. पुढचं काम गाण्याचं होतं. वेळ वाचवायचा म्हणून तो टेकडीमागे रेकॉर्ड लावून आवाज तपासत होता. आपल्या कंपनीत एक काम संपायच्या आत दुसरं मांडायची सगळ्यांना सवय आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तुझ्या नाही, माझ्याही नाही.

डीकनने गाणं ऐकलं आणि चारी पाय रोवले. भर धावेत. तू त्याच्या कानांवरून सरळ पुढे गेलीस आणि मऊ जमिनीच्या अलीकडेच, कडक जमिनीवर पडलीस. डीकन मान खाली घालून चर्चमधल्यासारखा उभा, गाणं संपायची वाट बघत.

मी धावत पोचले. तुझं डावं मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं.

"पडला का तो?" तू विचारलंस.

"नाही गं. तू पडलीस."

मग तू ज्या शब्दांत अर्नीचा उद्धार केलास, ते पाद्रीबुवांनी ऐकायला हवे होते. शांत, सोशिक!

मनगटाला फळी बांधेपर्यंत बॅबकॉक घड्याळ बघत होता. "झालं," तो म्हणाला. "तुमचं म्हणणं ऐकलं, मिस टिडवेल. आता उजेड राहायचा नाही. टॉलिव्हर, लाव तार."

"पुन्हा एकदा घेऊ," तू म्हणालीस.

"एका हाताने? जा, डॉक्टरकडे जा."

टॉलिव्हरने डीकनच्या पायांना पट्टे बांधले, ओंडका पुरला, तार जोडली. आणि स्वतः खोगिरावर चढला. अजून लॉईडच्या नाकावरचा घाम वाळला नव्हता, मी टॉलिव्हरसाठी लॉईडच्या दोन टोप्या उन्हात धरून जुळवत उभी होते, आणि मला काही सुचत नव्हतं. कॉलेजातल्या लॅटिनमधलं तर काहीच नाही.

बॅबकॉकने हात वर केला. आणि तू गायला लागलीस.

कुंपणाच्या खांबाला टेकून, हात झोळीत, चेहरा चुलीतल्या राखेसारखा, आणि तुझा तो फाटकासारखा आवाज. 'चाल रे गड्या...' टॉलिव्हरने टाच मारली. डीकन ढिम्म. टॉलिव्हरने चाबूक मारला. डीकनच्या अंगावर शहारा गेला, पण पाय जमिनीतून निघाला नाही.

"हिला गप्प करा कुणीतरी!" बॅबकॉक ओरडला.

कोण करणार? भाड्याचे सगळे घोडेस्वार, खरे गुराखी, गुरं गेली म्हणून सिनेमात आलेले. ते एकेक करून घोड्यांवरून उतरले आणि तंबाखू मळायला लागले. क्विगली आपल्या घोड्यांच्या ट्रकजवळून बघत होते. तू त्यांच्याकडे बघतच दुसरं कडवं सुरू केलंस. ते कडवं तुला येत नव्हतं, तू पहिलंच पुन्हा म्हटलंस.

तिसऱ्या खेपेला तुझा दम संपला. सूर तुटला आणि डीकनचे कान हलले. टॉलिव्हरला ते कळलं, त्याने लगाम आवळला. आणि तेवढ्यात मागून गिटार वाजली. लॉईड. हाताच्या फोडांसकट, घोड्यापासून चार हातांवर उभा राहून तो गात होता.

"लॉईड!" बॅबकॉक म्हणाला. "करार विसरलास का?"

लॉईडने कडवं पुरं केलं. मग म्हणाला, "रियाज करतोय, अर्ल. पुढचं काम गाण्याचंच आहे ना?" आणि पुढचं कडवं.

बॅबकॉक माझ्याकडे वळला. "मिस पार्डी, तुम्ही तरी शहाण्या आहात! सांगा यांना!"

ऑर्फा, मला सूर नाही. शाळेत मला प्रार्थनेला नुसते ओठ हलवायला सांगायचे. पण मी लॉईडच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि गायले. डीकनने माझ्याकडे एकदा पाहिलं, विचार केला, आणि यालाही गाणंच म्हणायचं असं ठरवून मान खाली घातली. तेवढा मान मला कुठल्याही परीक्षकाने दिलेला नाही.

उजेड पिवळा पडायला लागला होता. बॅबकॉक खुर्चीत बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तो हिशेबी माणूस होता आणि आता त्याच्यासमोर हिशेब सरळ होता: आपण गात राहिलो तर शॉट नाही, शनिवार नाही.

"किती वेळ गाणार आहात?" त्याने विचारलं.

"मी थकले की हा गाईल," तू म्हणालीस. "हा थकला की या. पट्टे काढा त्याचे."

"आणि पडला नाही तर?"

"तर मला पाडा तार लावून."

टॉलिव्हर खाली उतरला. पट्टे त्यानेच सोडले. सोडताना काहीतरी पुटपुटला. तू नंतर सांगितलंस, "तो म्हणाला, देवाशपथ, मलाही नको होतं." मला ते खरं वाटत नाही. पण ऐकलं तू होतंस.

तू लोकर मागून घेतलीस आणि डीकनच्या कानांत बोळे घातलेस. अर्नीला गाडीत बसवून काच वर करायला लावलीस. मोडका हात शर्टाच्या आत बांधून घेतलास. रिकाम्या बाहीला हात दिसावा म्हणून मी लॉईडचे हातमोजे आणले, एक बाहीच्या टोकाला अडकवला आणि बाही खिशाला टाचली. त्या सिनेमात नायकाला एका पडण्यापुरते हातमोजे येतात आणि जातात, एक बाही चपटी दिसते. हातमोज्यांसाठी नेमलेली बाई मीच आणि मी हूं की चूं केलं नाही. एकाही पोराच्या लक्षात आलं नाही.

सूर्य खडकाला टेकला होता तेव्हा तू सुटलीस. खुणेच्या काठीपाशी उजवा हात मागे गेला, डीकनचं नाक रिकिबीकडे वळलं आणि तो अख्खा घोडा तुझ्यासकट त्या सोनेरी धुळीत असा कोसळला, की माझ्या तोंडून किंकाळी निघाली. मला तर ते खोटं आहे हे माहीत होतं. धूळ बसली. डीकन पडलेला. तू पडलेली. कुणी हलेना.

"कट!" बॅबकॉक म्हणाला, अगदी हळू.

डीकन उठला, आयाळ झाडली आणि तुझ्या खिशात नाक खुपसलं. चपट्या बाहीच्या बाजूच्या. गाजर दुसऱ्या बाजूला होतं.

क्विगलींनी तुला फाटक बंद केलं नाही. सोमवारी दुसऱ्या एका कंपनीचा माणूस 'पडणारा घोडा' विचारत आला, मग तिसऱ्या कंपनीचा, आणि तबेल्यामागचा वाळूचा चौकोन वाढत गेला. तू आणखी घोडे शिकवलेस. तार पुढे सगळीकडूनच गेली, तुझ्यामुळे गेली असं मी म्हणणार नाही. तुलाही आवडलं नसतं. पण आपल्या खडकांत ती त्या शुक्रवारनंतर कुणी पुरली नाही. युद्ध आलं, गेलं. घरोघरी टेलिव्हिजन आला आणि गाणारे घोडेस्वार बंद झाले. लॉईड मिनेसोटाला जाऊन विमा विकायला लागला. क्विगलींनी तबेला विकला तेव्हा म्हातारा डीकन कुणालाच नको होता. तू त्याला घेऊन न्यूहॉलजवळच्या त्या उघड्या जागेवर राहायला गेलीस. तिथेच तो मेला, म्हातारपणाने, उभ्या उभ्या आधी आणि मग कलंडून, वाळूत.

आणि तो मेल्यानंतरचं हे. शनिवारी सकाळी तू माझ्याकडे आली होतीस, मी तुला पॅनकेक करून घालत होते आणि टेलिव्हिजन चालू होता. कंपनी बुडाली तेव्हा तिचे सगळे सिनेमे कुणीकुणी विकत घेतले होते आणि आता ते तुकडे तुकडे करून वाटेल त्यात जोडत होते. पडद्यावर एक अनोळखी नायक, अनोळखी खलनायक, बंदुकीचा बार. आणि मग सायीच्या रंगाचा घोडा, सोनेरी धूळ, डाव्या खांद्यावर.

तू उठून बटण फिरवलंस. उभीच राहिलीस.

"अहो प्रोफेसरीणबाई, त्याला अजून किती पाडणार हे?"

"अगं, चित्र आहे ते."

"मला ठाऊक आहे चित्र आहे. मी एकदाच पाड म्हटलं होतं त्याला. एकदाच. हे दर शनिवारी पाडतायत. आता तर गाजर द्यायलाही कुणी नाही."

मी सांगितलं, की त्या फितीच्या कितीतरी प्रती असतील, गावोगावी, एक कापून काय होणार. तू म्हणालीस, "सगळ्यांचं मला काय करायचंय? एक तरी." मूळ पेट्या हॉलीवूडच्या एका गोदामात पडून होत्या आणि तिथला कारकून माझ्या ओळखीचा होता. त्याला सांगून तेवढा तुकडा काढून घ्यायचा, असं ठरलं. गुरुवारी जायचं. त्या गुरुवारी तुझी एक घोडी व्यायला झाली. पुढच्या गुरुवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन. मग तुझा ट्रक, मग तुझी कंबर.

गोदाम अजून तिथेच आहे, मी फोन करून विचारलं. कारकून नवा आहे. त्याच्याशी बोलायचं काम माझं होतं. कात्री तू आणणार होतीस.